पहिली खरी पाल

पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका वहीत अठरा शब्द उतरवून घेतले होते. बग, पॅच, कोअर डंप, डीमन, क्लज, क्रफ्ट, झॉम्बी, फू, बार… समोर अर्थासाठी जागा सोडली होती. आठवडा संपला तरी ती कोरीच होती.

१९९५चा जून. पुण्यात एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी मिरजेचा, दहावीपर्यंत मराठी शाळेतला. इंजिनिअरिंग पाठांतराच्या इंग्रजीवर निभावलं होतं. पण इथे सगळे मराठी बोलत होते आणि तरीही मला काही कळत नव्हतं. "चाइल्ड मेलंय, पेरेंटला पत्ता नाही, म्हणून झॉम्बी होऊन बसलंय," असं कुणीतरी चहा पिता पिता म्हणे आणि बाकीचे मान डोलावत. रात्री खोलीवर इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर डीमनपुढे राक्षस आणि पिशाच्च. अर्थ विचारावा तर आपण या जातकुळीचे नाही हे उघड होणार. म्हणून गप्प बसायचो. ते गप्प बसणं मला आतून खात होतं.

ताईंनी ती वही पाहिली. ऑफिसमधली यंत्रं त्या सांभाळत. कुडाळच्या, वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, मुंबईत पंचकार्डांच्या काळात कामाला लागलेल्या. मी जेवायला गेलो असताना वही टेबलावर उघडी राहिली होती. परत आलो तर डीमनपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: देवचार.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "राक्षस नाय रे तो. आमचो देवचार. रातचो गावभर फिरता, कोणाक दिसणा नाय."

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो हातात काठी घेऊन रात्री सीमेवरून फिरतो असं मानतात. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ताईंनी आधी देवचार समजावला आणि मग डीमन. १९६३च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या लोकांनी, मागच्या मागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रॅमना हे नाव दिलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या, रेणू निवडून वेगळे करणाऱ्या डीमनवरून. छपाईची रांग सांभाळणारा, टपाल पोचवणारा, ठरल्या वेळी उठून काम करणारा, असे किती देवचार आमच्याही यंत्रात फिरत होते. त्या दिवसापासून मला त्या खोलीची भीती वाटली नाही.

पुढे रोज एक शब्द. पॅच म्हणजे ठिगळ, हे मला एकट्यालाही सुचलं असतं. पण कागदी फितीला भोकं पाडून प्रोग्रॅम लिहीत असत तेव्हा चुकलेला तुकडा खरोखरच कापून तिथे दुसरा चिकटवावा लागे, हे ताईंनी सांगितलं आणि मला आईची गोधडी आठवली. पंचकार्डाला भोक पाडताना निघणाऱ्या कागदाच्या बारीक टिकलीला चॅड म्हणतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. शेकडो कार्डांच्या थप्पीवर त्या वरच्या कडेने मार्करची तिरकी रेघ ओढून ठेवत. थप्पी हातातून सुटून विस्कटली तर रेघ जुळवत कार्डं पुन्हा क्रमाने लावता येत. हे सांगताना त्यांचा हात हवेत तिरका फिरायचा.

ताईंच्या कपाटात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर डॉट मॅट्रिक्सने छापलेला. त्यांच्या भावाने अमेरिकेहून फ्लॉपीवर पाठवलेली ती जार्गन फाइल. १९७५मध्ये राफेल फिंकेल यांनी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत संगणकवाल्यांच्या बोलीचा हा शब्दसंग्रह सुरू केला. मग एमआयटीचे लोक त्यात भर घालू लागले. १९८३मध्ये गाय स्टील यांनी त्याचं पुस्तक केलं आणि १९९१मध्ये एरिक रेमंड यांनी ते वाढवून नव्याने आणलं. क्रफ्टसारखे काही शब्द तर त्याहून जुने. एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबात खेळण्यातल्या आगगाड्यांचे सिग्नल आणि तारा जोडणाऱ्या पोरांचे. त्यांच्यातल्या पीटर सॅमसनने १९५९मध्येच शब्दांची यादी केली होती.

ताई मला एका वेळी वीस पानं देत. ती परत केली की पुढची वीस. त्यांच्या टेबलाशी उभं राहून मी एकदा खूप हसलो होतो, तो प्रसंग सूपचा. लिस्प भाषेत हो की नाही असं उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या नावाला शेवटी 'पी' लावायची रीत होती. म्हणून लिस्पवाली मंडळी जेवायला जातानाही 'फूड-पी?' असं विचारत. त्यांच्यातल्या बिल गॉस्पर यांना एकदा चिनी हॉटेलात सूपचा मोठा वाडगा कुणाबरोबर तरी वाटून घ्यायचा होता. त्यांनी विचारलं, 'स्प्लिट-पी सूप?' वाटाण्याच्या डाळीच्या सूपचं इंग्रजी नाव उच्चारायला नेमकं हेच आहे. मला लिस्प, इंग्रजी आणि ते सूप तिन्ही उलगडून सांगायला ताईंना अर्धा तास लागला. तो अर्धा तास त्यांनी आनंदाने दिला. माझ्यासाठी एवढा वेळ आधी कुणी दिला नव्हता.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी मोठं यंत्र बंद पडलं. ताईंनी वीजपुरवठ्याचा डबा उघडला. आत पाल, होरपळून मेलेली. त्यांनी ती चिमट्याने काढून कागदावर ठेवली आणि मला ९ सप्टेंबर १९४७ची गोष्ट सांगितली. हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या एफ पॅनेलमध्ये, सत्तर नंबरच्या रिलेत पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून शेजारी लिहिलं की, बग सापडल्याची ही पहिली प्रत्यक्ष घटना. ती वही आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. त्या यंत्रावर काम केलेल्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगत, म्हणून पतंग त्यांनीच पकडला असं पुष्कळांना वाटतं. तो पकडणारे दुसरे होते. बग हा शब्द तिथे जन्मला असंही लोक बिनदिक्कत लिहितात. ताईंना याचा राग यायचा. यंत्रातल्या बारीक दोषांना एडिसनने १८७८च्या पत्रातच बग म्हटलं होतं. "शब्द आधीपासून होता, म्हणून तर 'प्रत्यक्ष' या शब्दात मजा आहे," त्या म्हणाल्या. मग आमच्या नोंदवहीत त्यांनी तारीख घालून लिहिलं: पहिली खरी पाल.

तेव्हापासून आमच्याकडे बगला पाल म्हणू लागले. आणि मराठीत मनात पाल चुकचुकतेच! कोड वाचताना कुठे काही खटकलं की "इथे चुकचुकतेय" एवढं म्हटलं तरी पुरे. एकदा मीच तसं म्हणालो आणि तीनजण माझ्या पडद्याशी येऊन उभे राहिले. आपण यांच्यातले झालो, हे मला त्या क्षणी कळलं.

पुढच्या मार्चमध्ये महिनाअखेरीच्या रात्री मी चुकीचा नंबर टाकून भलतीच प्रोसेस किल केली. एका ग्राहकाची बिलं छापायची थांबली. सकाळी ताई आल्या तेव्हा मी पायरीवर बसून होतो. त्यांनी आत जाऊन छपाई पुन्हा सुरू केली आणि नोंदवही पुढ्यात घेऊन वेळ, प्रोसेसचा नंबर, परिणाम, उपाय असं क्रमाने लिहिलं. 'कोणाकडून' हा रकाना त्यांनी रिकामा सोडला. वरिष्ठांनी वही पाहिली, ताईंकडे पाहिलं आणि पान उलटलं. मी आजही नोंद तशीच लिहितो.

मी ते ऑफिस सोडलं त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. ताई निवृत्त होऊन कुडाळला गेल्या. मधे माझ्या तीन नोकऱ्या बदलल्या, जुने सहकारी पांगले. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नुकती लागलेली एक मुलगी, अकोल्याची, ताईंचं नावही कधी न ऐकलेली, कोडवर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे पाल चुकचुकतेय." मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, आधीच्या कंपनीत सगळे असंच म्हणायचे.

त्या रात्री घरी पोचल्यावर कुडाळला फोन लावला. ताईंना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. अकोल्याची मुलगी, पाल, चुकचुकतेय. पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

मग ताईंनी विचारलं, "मगे, गावली काय?"

"गावली, ताई. साडेनऊला."