मफलर गाडीतच राहू द्या



डिसेंबर उजाडला की आमच्या नेरे गावाकडे पाहुण्यांची रीघ लागते. हिंजवडीची आयटी मंडळी कासारसाई धरणाच्या बाजूला हवा खायला येतात आणि आपल्या घरी शाळेच्या सुट्टीतली नातवंडं येतात. पूर्वी हुरडा आणि बैलगाडी एवढ्यावर मुलं खूश असत. आता त्यांना हवी असते ती एटीव्ही. मोठ्या फुगीर टायरांची, स्कूटरसारख्या हँडलची, चार चाकांची धुडघूस करणारी गाडी. मुळशी, पवना, लोणावळा, पाचगणी, कुठेही जा, हुरडा पार्टीशेजारी जुने टायर रचून केलेला ट्रॅक आणि तिकिटाची खिडकी दिसतेच.

मी बी.कॉम. आहे, मेकॅनिक नाही. पण ज्या वस्तूवर घरची मुलं बसणार ती समजून घ्यायची माझी सवय आहे. मिक्सरचं माहितीपत्रकसुद्धा मी शेवटच्या पानापर्यंत वाचते.

चार चाकं म्हणजे पडायची भीती नाही असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ही गाडी उंच आणि अरुंद असते. पुष्कळ साध्या एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर पक्की बसवलेली असतात, त्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर गाडीला सरळच जायचं असतं. चालवणाऱ्याने अंग वळणाच्या आतल्या बाजूला आणि चढावर पुढे झुकवायचं असतं. सीट लांब दिसते ती त्यासाठी, दुसऱ्याला बसवायला नव्हे. आणि उलटली तर दोनशे-तीनशे किलोचं धूड अंगावर येतं. तीन चाकांच्या अशा गाड्यांची नवी विक्री अमेरिकेत १९८८ साली याच कारणाने थांबली. मोठ्यांच्या आकाराची एटीव्ही १६ वर्षांखालच्या मुलांनी चालवू नये, असं तिथला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो.

आता थंडीचं. आपल्याकडे बर्फ नाही, पण थंडी आपले घोटाळे घेऊन येतेच. सकाळी गवतावर दव असतं, टायर सरकतो. दुपारी तोच मुरूम कोरडा होऊन खड्यांसारखा निसटतो. भातकापणी झालेली असते, खाचरं मोकळी आणि सपाट दिसतात. पण वाळक्या गवताखाली बांध असतात, कुठे काटेरी तार असते, कुठे कठडा नसलेली विहीर. म्हणून ट्रॅक सोडून "शेतातून एक चक्कर" कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणायचं. ईर्यासमितीत पुढची जमीन बघून पाऊल टाकायला सांगितलंय, ते इथे शब्दशः लागू आहे.

कपड्यांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण हा विषय आपला आहे. मफलर, शाल, ओढणी, साडीचा पदर, मोकळी वेणी, स्वेटशर्टच्या टोपीची लोंबती दोरी, यातलं काहीही या गाडीवर नको. वरून मडगार्ड दिसतं, पण आतल्या बाजूने ॲक्सल आणि चेन बहुधा उघडीच असते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते ती उगाच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं आवरण लावणं सक्तीचं आहे. इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीत बसली होती. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. थंडी वाजते ना? मग बंद गळ्याचं जॅकेट घाला.

कानटोपीवर हेल्मेट चढवलं तर ते सैल बसतं, झटक्यात सरकतं. बारीक विणलेली टोपी चालेल, पण बक्कल हनुवटीखाली घट्ट बसलं पाहिजे. लोकरीचे हातमोजे हँडलवरून घसरतात. आणि गारठलेला अंगठा हा मोठा धोका आहे, कारण या गाडीला गती अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर मिळते. बधिर बोटांना किती दाबलं ते कळत नाही, ब्रेकही उशिरा लागतो. बसण्याआधी हात चोळून गरम करा. पायात बूट हवेत, चप्पल नको.

गेल्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या नातवाला आणि सतरा वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो. खिडकीवरच्या मुलाने फॉर्म पुढे केला, "स्वतःच्या जबाबदारीवर" लिहिलेला. मी चष्मा लावला. मागे रांग कुरकुरली, कुरकुरू दे. मी विचारलं, विमा आहे का? पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात नोंदणी आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तर एटीव्हीवर वेगळं प्रकरणच आहे. आपल्या घरच्या अपघात विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, हेही एकदा पॉलिसी काढून बघा.

मुलगा म्हणाला, "काकू, छोट्याला ताईच्या मागे बसवा की, सगळे बसवतात."

मी नाही म्हटलं. एका माणसाची गाडी एकाच माणसाची.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, पाचच मिनिटं आहेत, त्याचा हिरमोड होतोय." त्यांचंही खोटं नव्हतं, पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. पण लहान मुलांची वेग बांधलेली छोटी गाडी तिथे नव्हतीच. नातीने दोरी काढली, केस आत खोचले, मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवली आणि दोन फेऱ्या मारून आली. नातू माझ्याशी घरी येईपर्यंत बोलला नाही. त्याच्या आईशी माझं त्या रात्री थोडं बोलणं झालं. तिला अजूनही वाटतं मी जास्त ताणलं. मला तसं वाटत नाही.

वेळेचंही सांगते. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याला त्याआधी जेवायचं असतं, म्हणून पाच वाजता "चला, पटकन एक फेरी" अशी घाई होते. त्याच वेळी तिरपं ऊन थेट डोळ्यांत येतं. फेरी दुपारी तीन-चारलाच उरका, मग निवांत डबा उघडा.

जानेवारीत सोलंग किंवा गुलमर्गला जाणाऱ्या असाल तर तिथेही ही गाडी बर्फावर मिळते. भुसभुशीत बर्फाखाली काचेसारखा कडक थर असतो, तिथे एकदम ब्रेक दाबू नका आणि गोठलेल्या पाण्यावर जाऊच नका. भाड्याचा बर्फाचा पोशाख ढगळ असतो. पायाकडची बाजू बुटात खोचून घ्या.

नातू यंदाही येतोय. छोटी गाडी कुठे मिळते याची चौकशी त्याने फोनवरून माझ्याकडेच केली आहे. पवनेकडे एका ठिकाणी आहे म्हणतात, या रविवारी मी आणि हे जाऊन ट्रॅक बघून येणार आहोत.