उकंड्यात निघालेला डायपर

कुंभार पिंपळगाव,
अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

चि. सोनीस,


तुझ्या खताच्या बादलीला वास का सुटलाय, अळ्या का झाल्यात, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा दारात ट्रॅक्टर उभा होता, म्हणून नीट बोलणं झालं नाही. आता निवांत लिहिते. शिवाय तुझ्याबद्दल एक तक्रार आहे, ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

परवा उकंडा उपसला. पावसाच्या आत खत मोसंबीला पडायला हवं. खालचा थर चहाच्या भुकटीसारखा काळा नि मोकळा झाला होता. त्यात शेण कुठलं, कांद्याची टरफलं कुठली, काही ओळखू येईना. तेवढ्यात गड्याच्या फावड्याला काहीतरी गुबगुबीत लागलं. त्याला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू मेलंय. मी काठीनं उलटवलं, तर तुझ्या लेकीचा डायपर! तू गेल्याच्या मागच्या दिवाळीत आली होतीस तेव्हाचा. वरची निळी फुलपाखरं जशीच्या तशी, आणि आत भिजलेल्या साबुदाण्यासारखा चिकट लगदा. असे नऊ निघाले. सोबत शॅम्पूच्या पुड्या आणि गुटख्याच्याही. (त्या तुझ्या नाहीत, कबूल. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण आमच्या उकंड्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.)

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. म्हण करणाऱ्यानं डायपर पाहिला नव्हता.

माझ्या लहानपणी टाकायचं म्हणून फारसं काही नसायचंच. खरकटं म्हशीला जायचं, चुलीची राख भांडी घासायला. जुन्या लुगड्यांची वाकळ व्हायची, फुटक्या डेऱ्याच्या खापरात कोंबड्या पाणी प्यायच्या. विंचरलेले केससुद्धा आई भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची, केसांवर भांडी देणारी आली की वाटी मिळायची. याचे गोडवे गात नाही मी. ती गरिबी होती, दुसरं काही नव्हतं. पण घरात येणारं सगळं मातीत मुरणारं होतं, त्यामुळे निवडत बसायची वेळ कुणावर आली नाही. आता ती आलीय, आणि ते काम उकंड्यावर जाऊन होत नाही, चुलीपाशीच करावं लागतं.

आता तुझी बादली. तू तिच्यात नुसता ओला माल भरतेस, भाजीची देठं आणि भाताची पेज. त्याला हवा कुठून मिळणार? पुसदच्या नारायणराव पांढरीपांड्यांनी नाडेपचं टाकं बसवलं ते याच हिशेबावर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि विटांच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती. तीन-चार महिन्यांत खत. तुझ्या गॅलरीत टाकं मावायचं नाही, पण भोकं मावतील. बादलीला खालून-बाजूनं भोकं पाड. एक वाटी ओलं टाकलंस की दोन वाट्या वाळला पालापाचोळा टाक, वर मूठभर जुनं खत. दोन दिवसांनी हात घालून बघ, कोमट लागलं म्हणजे काम चालू झालं. अळ्यांना घाबरू नकोस, कोरडं वाढलं की त्या जातात.

आता न कुजणाऱ्याचं. त्यातल्या लोखंडाची मला काळजी वाटत नाही. भंगारवाला ते वजन करून नेतो, जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांत वितळून त्याच्या सळया होतात. आमच्या मोडक्या नांगराचा फाळ एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये असेल आज. दुधाच्या पिशव्याही भंगारवाला घेतो. पण कुरकुऱ्यांची चकचकीत पुडी हातात घेऊन त्यानं खाली टाकली. प्लास्टिकला चांदीसारखा पापुद्रा चिकटलेला, तो सोडवायचा कुणी? 2018 मध्ये प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आली, पुड्या मात्र दुकानात माळेनं लटकतात. आणायच्याच कमी करायच्या, दुसरा इलाज मला तरी दिसत नाही.

तुमच्याकडे पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या बाया कचरा न्यायला येतात ना? त्या हातानं निवडतात. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं दे, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. इथं आलीस की मात्र ते पिशवीत भरून परत न्यायचे.

नाहीतर वापरूच नकोस. सातवा लागलाय तुला, म्हणून पार्सल करतेय. तुझ्या आजीच्या दोन नऊवारींचे बारा लंगोट आणि सहा दुपटी आहेत. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय ते सूत की शिवताना सुई आपोआप जात होती. रात्री प्रवासात डायपर लागला तर लाव, मी काही पोलीस नाही.

पार्सल ज्या पिशवीत बांधलंय, ती काकांच्या जुन्या पँटीची आहे. त्यांना बाजाराला लागते. येताना आठवणीनं आण.

तुझी,
मावशी