दोन घोट्यांवरचा डोलारा

खेळणे म्हटले म्हणजे ते दुकानातून आणावयाचे, वेष्टन उलगडावयाचे आणि लागलीच खेळू लागावयाचे, अशीच सर्वसामान्य समजूत असते. परंतु खेळण्यांच्या दुनियेत असाही एक प्रकार आहे, की ज्यातील एकच सोंगटी घरी आणल्यानंतर ती पटावर उभी राहीपर्यंत कित्येक आठवडे, क्वचित कित्येक महिने लोटतात. आणि गंमत अशी, की ती विकत घेणाऱ्याला या विलंबाचे दुःख तर होत नाहीच, उलट त्या विलंबासाठीच जणू त्याने पैसे मोजलेले असतात. हा प्रकार म्हणजे टेबलावरील लढाईचा खेळ. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा टेबलावर लुटुपुटीच्या टेकड्या, भग्न इमारती आणि खंदक मांडावयाचे, दोन्ही बाजूंना बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक उभे करावयाचे, आणि मग अंतरे मोजीत व फासे टाकीत दोन सेनापतींनी एकमेकांना खिंडीत गाठावयाचे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम हे शहर या खेळाचे जणू माहेरघर झाले आहे. तेथील 'गेम्स वर्कशॉप' या संस्थेने १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. दूरच्या भविष्यकाळात घडणाऱ्या त्या काल्पनिक युद्धात माणसासारखी दोन पायांवर चालणारी प्रचंड यंत्रे आहेत. त्यांना 'टायटन' म्हणतात. त्यांपैकी 'वॉरलॉर्ड टायटन' नावाच्या यंत्राची राळेची प्रतिकृती त्याच संस्थेच्या 'फोर्ज वर्ल्ड' या शाखेने घडविली. शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा, तर हा अर्ध्या मीटरहून उंच! पेटी उघडल्यावर मात्र राक्षस दिसत नाही. दिसतात ते पिशव्यांत भरलेले, फिकट करड्या रंगाचे तुकडे: पायांची बोटे, नडग्या, गुडघ्याच्या वाट्या, चिलखताचे पत्रे, तोफांच्या नळ्या. महाभारताच्या स्त्रीपर्वात रणभूमीचे जे वर्णन येते, त्याची कोणास आठवण झाली तर नवल नाही. फरक एवढाच, की येथे तुकडे आधी असतात आणि योद्धा मागाहून निर्माण होतो.

टेबलावर युद्ध मांडण्याची ही हौस आजकालची नव्हे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करणाऱ्या मराठी मुलांना तर ती समजावून सांगण्याचे कारणच नाही. प्रशियामध्ये राइसविट्स नावाच्या एका अधिकाऱ्याने असा खेळ वाळूच्या पटावर रचला होता. राजाने तो पाहण्याची इच्छा दर्शविली. परंतु राजापुढे वाळू नेऊन ठेवणे राइसविट्सला प्रशस्त वाटेना. त्याने लाकडी मेज बनविले, डोंगर-नद्यांचे सुटे चौकोन घडविले, आणि १८१२ साली ते सारे राजाला सादर केले. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने या खेळात सुधारणा केली आणि प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी त्यावर युद्धाचे डावपेच शिकू लागले. घरगुती करमणूक म्हणून या खेळाला रूप दिले ते एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. 'लिट्ल वॉर्स' हे त्याचे पुस्तक १९१३ साली निघाले. दिवाणखान्याच्या जमिनीवर पालथे पडून खेळण्यातील तोफा उडविणारा हा लेखक खऱ्या युद्धाचा चाहता नव्हता. आपली ही छोटी लढाई मोठ्या लढाईपेक्षा किती बरी, हेच त्याला सांगावयाचे होते. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. छोट्या लढाईने मोठी लढाई थांबत नाही, हे खरे. पण म्हणून वेल्सचे म्हणणे खोटे ठरत नाही.

आता त्या पेटीकडे वळू. तुकडे ज्या राळेचे असतात, ती झाडाची राळ नव्हे. ती रसायनशाळेत जन्मलेली आहे. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर याने पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ शोधून काढला, त्याच कुळातील ही राळ. दोन पातळ द्रव एकत्र कालविले, की थोड्याच अवधीत ते मिश्रण दगडासारखे घट्ट होते. हे मिश्रण मऊ रबरी साच्यात ओततात. साचा मऊ असल्यामुळे बारीकसारीक खाचाखोचांतूनही तुकडा सहज सोडविता येतो, आणि म्हणूनच नखाएवढ्या जागेतील रिव्हेटसुद्धा राळेत स्पष्ट उमटतो. पण मऊपणाचे हे सुख फुकटचे नसते. साचा थोड्याच ओतकामांत झिजतो. दोन अर्धे जेथे मिळतात तेथे तुकड्यावर शिवण उमटते, क्वचित पातळ झालर लोंबते. आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे राहतात, आणि पुरता थंड होण्याआधी तुकडा बाहेर निघाला तर तो किंचित वाकतो. थोडक्यात सांगावयाचे, तर प्रत्येक तुकडा आपल्या साच्याच्या खोडी अंगावर घेऊनच येतो.

म्हणून जोडणी करणाऱ्या छांदिष्टाचे पहिले काम जोडण्याचे नसून धुण्याचे असते. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून साच्याला जे तेलकट द्रव्य लावलेले असते, त्याचा अंश तुकड्यावर राहतो. तो गेला नाही तर पुढे ना डिंक धरतो, ना रंग. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश एवढ्यावर भागते. मग शिवणी खरवडणे, कानस चालविणे. येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. राळेची धूळ अतिशय बारीक असते आणि ती छातीत जाणे घातक असते. म्हणून जाणता छांदिष्ट नाकातोंडावर मुखपट्टी बांधतो आणि काचकागद पाण्यात भिजवूनच घासतो, म्हणजे धूळ उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. मुखपट्टीवाचून कोरडे घासणाऱ्यास शूर म्हणता येणार नाही. तो केवळ उतावळा होय.

वाकलेला तुकडा सरळ करण्याची युक्ती तर पाहण्याजोगी आहे. तोफेची एखादी नळी केळ्यासारखी वाकलेली असते. जोर लावला तर ती काडकन मोडेल. पण मिनिटभर गरम पाण्यात बुडविली की ती मवाळ होते. मग हलक्या हाताने सरळ करून लगेच थंड पाण्यात धरली, की तशीच राहते. लोहाराला भट्टी लागते, येथे स्वयंपाकघरातले पातेले पुरते. मात्र राळेचा हा गुण दुधारी आहे. जी राळ ऊब लागताच माणसाचे ऐकते, ती उन्हाळ्याच्या दिवसांत, खिडकीतल्या उन्हात, वरच्या भाराचेही ऐकते. वर्षभर ताठ उभा असलेला राक्षस हळूहळू घोट्यातून कलू लागतो, तो याच कारणाने.

खरी कसोटी असते ती या घोट्यांपाशीच. वॉरलॉर्डचे जड धड, खांद्यावरची अस्त्रे, पाठीवरचे चिलखत हा सारा डोलारा दोन घोट्यांवर तोलावयाचा असतो. त्यातच भर म्हणजे, पाय कसे ठेवावयाचे ते पेटीत ठरविलेले नसते. पाऊल पुढे टाकलेले असावे की दोन्ही पाय रोवून उभे असावे, गुडघा किती वाकावा, कंबर कोणीकडे वळावी, हे ठरविणे जोडणाऱ्याच्या हाती असते. चालता राक्षस दिसावयास भव्य. परंतु त्याचा भार एका पायावर जास्त पडतो. रोवलेले पाय भक्कम. परंतु त्यात चैतन्य कमी. येथे घाई करणारे डिंकाची नळी उघडतात. जाणता छांदिष्ट ती कपाटात ठेवून देतो. पुन्हा निघेल अशा चिकट लगद्याचे गोळे आणि रबराच्या दोऱ्या घेऊन तो सगळे पाय कोरडेच उभे करतो. पुढून पाहतो, बाजूने पाहतो, जमिनीवर बसून शिपायाच्या नजरेने पाहतो. कमरेच्या मध्यापासून गवंड्यासारखा ओळंबा सोडतो. ओळंब्याचे टोक दोन पावलांनी व्यापलेल्या जागेच्या आत पडले तर ठीक. बाहेर पडले, तर कितीही ऐटदार असली तरी ती ऐट एक दिवस तोंडावर आपटणार. गुरुत्वमध्याचा जो नियम शाळेत पाठ केला जातो, तोच येथे राळेच्या घोट्याशी येऊन उभा राहतो. असे कोरडे उभे केलेले पाय कित्येक जण आठवडाभर तसेच टेबलावर राहू देतात. येता-जाता नजर पडते, आणि एखाद्या सकाळी डावी टाच अर्धी पेर मागे घ्यावी, असे एकाएकी सुचते. बाहेरून पाहणाऱ्याला हा आठवडा आळसात गेल्यासारखा वाटतो.

एवढी सावधगिरी कशासाठी? कारण डिंक लागल्यावर माघार नसते. तो सायनोॲक्रिलेट जातीचा. त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होता. हा पदार्थ हाती आला, पण तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसे. निरुपयोगी ठरवून कूव्हरने तो बाजूला सारला! १९५१ साली त्याच्या एका सहकाऱ्याने तोच पदार्थ एका मौल्यवान उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये तपासणीसाठी घातला, तर लोलक जे चिकटले ते सुटेनातच. तेव्हा कूव्हरच्या ध्यानी आले, की दोष म्हणून जो टाकून दिला, तोच या पदार्थाचा गुण. १९५८ साली तो डिंक बाजारात आला. हवेतील किंवा पृष्ठभागावरील नुसत्या दमटपणाने तो घट्ट होतो. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला तर क्षणार्धात.

तथापि या डिंकालाही मर्यादा आहे. साध्या प्लॅस्टिकचे नमुने ज्या डिंकाने जोडतात, तो दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो. राळ तशी विरघळत नाही. येथे डिंक केवळ दोहोंमधला दुवा. ओढ त्याला सोसते, पण आडवा धक्का बसला तर तो काचेसारखा तडकतो. म्हणून भार सोसणाऱ्या प्रत्येक सांध्यात पितळी तार घालावी लागते. सुतार मोठ्या गिरमिटाने जे करतो, तेच येथे चिमटीत मावणाऱ्या गिरमिटाने, बोटांच्या पेरांनी फिरवून करावयाचे. घोट्यात भोक पाडणे सोपे. नडगीत त्याच्या नेमके समोर भोक पाडणे अवघड. त्यालाही एक तोड आहे. घोट्यात तारेचा तुकडा बसवून त्याच्या टोकाला रंगाचा ठिपका लावावयाचा आणि नडगी जागेवर टेकवावयाची. ठिपका उमटेल तेथे गिरमीट. तारेमुळे सांधा मजबूत होतो एवढेच नव्हे, तर उन्हाच्या उबेने राळ मवाळ झाली तरी आतला हा पितळी कणा वाकत नाही.

तार बसते, सांध्याला सावकाश वाळणारा दोन नळ्यांतला डिंक लागतो, रबरी दोऱ्या आवळल्या जातात, आणि पाय रात्रभर पुस्तकांच्या आधाराने उभे राहतात. त्या रात्री घरातील मांजरास त्या खोलीत मज्जाव असतो. सकाळी एकेक पुस्तक काढून घेतात. शेवटचे पुस्तक काढताना हात किती सावकाश चालतो, ते पाहणाऱ्यालाच कळेल.

पुढचे काम लांबलचक असले तरी धाकधुकीचे नाही. सांध्यांच्या फटींत लांबी भरावयाची, ती ओल्या बोटाने सारखी करावयाची, चिलखताचे पत्रे सुटे ठेवूनच रंगवावयाचे, अस्तराचा हात द्यावयाचा. बाहूंच्या सांध्यांत पुष्कळ जण लोहचुंबक बसवितात, म्हणजे तोफा हव्या तेव्हा बदलता येतात. त्यात चुंबकाचे तोंड उलटे बसले, तर हात खांद्याला जवळही येऊ देत नाही. असा रुसलेला हात घेऊन तासन् तास बसलेली मोठमोठी माणसे या छंदात आढळतात.

अखेर खेळाचा दिवस उजाडतो. महिनोन् महिने खपून उभा केलेला हा राक्षस पटावर येतो आणि फाशांना त्या महिन्यांची काहीच कदर नसते. कधी कधी पहिल्याच तासाभरात दान उलटे पडते आणि नियमाप्रमाणे तो 'नष्ट' होतो. दोन्ही हातांनी, बाळाला उचलावे तसा त्याला उचलून शेजारच्या बाकावर ठेवतात. जिंकलेला प्रतिस्पर्धी विजयाचा आनंद करण्यापूर्वी त्या बाकापाशी वाकतो, घोट्यांकडे निरखून पाहतो आणि विचारतो, "तार किती जाडीची घातलीत?" मग फासे तसेच टेबलावर राहतात, आणि दोघेही सेनापती त्या राक्षसाच्या पायाशी गुडघे टेकून बराच वेळ बोलत बसतात.