सातबाऱ्यावर न आलेली वैनगंगा

नागपूर सोडून उमरेडच्या रस्त्याला लागलो तेव्हा थंडी सरत आली होती. भिवापूरला मिरचीचे सातरे भरले होते. बाया रांगेने बसून मिरच्या खुडत होत्या आणि त्यांचा ठसका एसटीच्या खिडकीतून आत येत होता. भिवापूर मागे पडले की मुलूख बदलतो. कापूस विरळ होतो, धानाच्या बांध्या सुरू होतात, कापलेल्या धानाच्या धसकटांतून लाखोरी वर आलेली दिसते. इथून झाडीपट्टी सुरू होते.

माझ्या पिशवीत न्यूझीलंडमधल्या माओरींच्या जमिनींविषयीची टिपणे होती. बरेच दिवस ती वाचत होतो आणि वाचताना सारखे वैनगंगेवरचे गोसीखुर्द धरण आठवत होते. म्हणून शेवटी निघालोच.

पवनीला उतरून आधी जगन्नाथ टेकडीकडे गेलो. १९६९-७० मध्ये इथे उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली होती. कुणी काय दिले हे लिहून ठेवण्याची या गावाची रीत दोन हजार वर्षांची आहे. ज्याचे नाव लिहिले गेले तो उरला. पुढे धरणाकडे जाताना हे मनातून गेले नाही.

गोसीखुर्दचे धरण एका नजरेत मावत नाही. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, मधोमध ३३ दरवाजे, आणि वरच्या अंगाला भंडारा शहराच्या वेशीपर्यंत पसरलेले पाणी. कागदोपत्री याचे नाव इंदिरासागर. लोक मात्र गोसीखुर्दच म्हणतात. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट आहे. धानाला ऐन गर्भात पाणी मिळाले नाही तर काय होते हे या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. धरणाची गरज मला मान्य आहे. माझा प्रश्न आहे तो ज्यांनी जागा दिली त्यांची मोजणी कशी झाली याचा.

काठाकाठाने चालत गेलो तर एक ढिवर म्हातारे डोंग्याशेजारी जाळे शिवत बसलेले. बाबाजी म्हणून हाक मारली, बाजूला बसलो. पाण्याकडे बोट करून ते म्हणाले, "तिकडं आमची डांगरवाडी होती. आज्यापासून." पावसाळा सरून पाणी ओसरले की वैनगंगेच्या वाळूत डांगर, काकडी, टरबूज लावायचे. वाळूत हातभर खड्डा घ्यायचा, तळाला शेणखत घालायचे, त्यात बी, आणि वेल धरेपर्यंत घागरीने पाणी. कुठली वाडी कुणाची हे सगळ्या ढिवरवाड्याला ठाऊक असे, त्यावरून भांडण नसे. वाडीचे काय मिळाले, असे मी विचारले. जाळ्याचा दोरा दाताने तोडत ते म्हणाले, "सायेब म्हने, कागद दाखव. नदीचा कागद कोनापाशी राह्यते, बापू?"

हा कागद आला कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याच दशकात भंडाऱ्यासह सगळीकडे बंदोबस्ताची मोजणी सुरू झाली. भोसल्यांच्या काळात जो पाटील किंवा इजारदार गावाचा सारा गोळा करून भरायचा, त्याला इंग्रजांनी गावाचा मालक ठरवले. हाच मालगुजार. जो जमीन कसत होता त्याच्या वाट्याला मलिक मकबुजा, मौरूसी कूळ किंवा साधे कूळ अशा पायऱ्या आल्या. मालगुजाराची घरची शेती सीर आणि खुदकाश्त म्हणून वेगळी निघाली. जरीब ओढली गेली, खसरा क्रमांक पडले, नकाशा झाला. गावाचे निस्ताराचे हक्क, तळ्याच्या पाण्याच्या पाळ्या, चराई, लाकूडफाटा हे वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले. ती नोंद झाली म्हणून तेवढे तरी वाचले. पण वाळूतल्या वाडीवर ढिवराचे नाव कुणी लावले नाही.

नेमक्या त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच चालले होते. माओरींनी १८४० मध्ये इंग्रजांशी वैतांगीचा करार केला. त्यात जमिनी त्यांच्याकडे राहतील असे वचन होते. त्यांची जमीन कुळाची, सगळ्यांची मिळून असे. १८५९ मध्ये तारानाकी भागातल्या वैतारा इथे तेइरा नावाच्या एकाने जमीन विकायची तयारी दाखवली आणि त्याचा सरदार विरेमू किंगी याने ठाम विरोध केला. गव्हर्नरने तरीही सौदा धरला. फेब्रुवारी १८६० मध्ये मोजणीदार साखळी घेऊन आले तेव्हा कुळातल्या बायका पुढे झाल्या आणि त्यांनी मोजणी होऊ दिली नाही. महिन्याभरात तिथे युद्ध पेटले. १८६५ च्या कायद्याने जमिनीसाठी खास न्यायालय आले. शेकडो लोकांची जमीन असली तरी दाखल्यावर जास्तीत जास्त दहा नावे! ती दहा माणसे मग कायद्याने मालक, बाकीचे आपल्याच जमिनीवर परके. मोजणीचा खर्चही जमीनवाल्यांच्याच माथी, आणि तो फेडायला पुन्हा जमीनच विकायची.

संध्याकाळी धरणग्रस्तांच्या एका पुनर्वसित गावात गेलो. आखीव प्लॉट, सरळ रस्ते, मध्ये समाजमंदिर. जुन्या गावात घरामागे सांदवाडी असायची, इथे घरामागे दुसऱ्याची भिंत येते. एका घरी माय चहा ठेवून आत गेल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी ती माझ्या मांडीवर रिकामी केली. अधिकार अभिलेखाची पिवळी पडलेली नक्कल, घडीवर फाटून चिकटपट्टीने जोडलेला सातबारा, भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची झेरॉक्स. सातबाऱ्यावर सासऱ्यांसह तीन भावांची नावे. त्यातले दोघे नोटीस निघण्याआधीच वारले होते, त्यांच्या वारसांचा फेरफार झालेला नव्हता. बहिणींची नावे तर कधी चढलीच नव्हती. जमीन मात्र तिघांनी केव्हाच वेगवेगळी वाहायला घेतली होती, कुणी बांध घातला होता, कुणी विहीर खोदली होती. पैसा आला तेव्हा वाटणीवरून घर फुटले. "जमीन होती तवा भांडलो नाई," माय म्हणाल्या, "गेली तवा कोर्टात गेलो."

हे घडले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. इंग्रजांनी केलेला हा कायदा स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षे चालला. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तोही याच कायद्याच्या बडग्याखाली. कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या दिवशीचा बाजारभाव गोठायचा, मग पैसा हातात पडायला कितीही वर्षे लागोत. मोबदला अभिलेखात दिसणाऱ्या नावाला. हिस्सेदारांत वाद झाला तर प्रकरण न्यायालयाकडे आणि रक्कमही तिथेच जमा. भाव कमी वाटला तर कलम १८ खाली अर्ज करायचा, त्यालाही मुदत, बहुतेकदा निवाड्यापासून सहा आठवड्यांची. ज्याला निवाड्याची भाषाच कळत नव्हती त्याचे सहा आठवडे कसे गेले असतील!

लोक गप्प बसले असे कुणी समजू नये. विलास भोंगाडे यांच्या नेतृत्वाखालची गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समिती वर्षानुवर्षे लढते आहे. मोर्चे झाले, धरणे झाली, लोक जलसमाधी घेण्यासाठी वैनगंगेत उतरले. २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज मिळाले ते या लढ्यामुळेच. त्याचे मोल मोठे आहे.

दुसऱ्या दिवशी अंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला अशी इथल्या लोकांची श्रद्धा. आता संगम वेगळा ओळखू येत नाही, सगळा जलाशय झाला आहे. नव्या पुलावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे येते. काठाला हिरवट साय धरली होती. मासे पूर्वीसारखे नाहीत, असे जाळे टाकणाऱ्या पोरांनी सांगितले. ज्यांची वाडी पाण्याखाली गेली त्यांच्या वाट्याला उरलेले पाणी हे असे.

माओरींच्या तक्रारी ऐकण्यासाठी न्यूझीलंडने १९७५ मध्ये वैतांगी लवाद नेमला. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलायला दोन प्रतिनिधी ठेवले, एक सरकारचा आणि एक नदीकाठच्या माओरींचा. गेलेली जमीन त्याने परत येत नाही. पण मोजणीत चूक झाली होती, हे तिथे सरकारने मान्य केले.

आपल्याकडेही हे मान्य करायला कायद्याचा आधार आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ आहे, बटाईदार आहे, शेतमजूर आहे, आणि नदी-तळ्यावर पोट असलेला मासेमार आणि नावाडीही आहे. वैनगंगेच्या ढिवराला हा कायदा पंचवीस वर्षे उशिरा आला. माझे म्हणणे एवढेच की गोसीखुर्दच्या काठावरचा प्रत्येक ढिवरवाडा आज पुन्हा मोजावा. ज्यांना वाड्या आठवतात ते म्हातारे अजून हयात आहेत, त्यांच्या तोंडी साक्षी पंचांसमोर लिहून घ्याव्यात आणि जलाशयातल्या मासेमारीचा पहिला हक्क त्यांच्या संस्थांना द्यावा. यासाठी शासनाला नवी जमीन शोधावी लागत नाही. तलाठी, एक वही आणि गावकऱ्यांची सभा एवढ्यावर काम सुरू होते, आणि ते याच उन्हाळ्यात सुरू व्हायला हवे.