चाळीस वर्षांमागं कापलेलं हाड

शेजारच्या मळ्यातली सून परवा संध्याकाळी डेअरीला दूध घालून येताना आमच्या सोप्यात टेकली. वय चोवीस, कडेवर दीड वर्षाचं पोर. उजवा पाय जरा ओढत चालते, हे मी तिच्या हळदीलाच पाहिलं होतं. एक्स-रेची पिशवी पुढं करून म्हणाली, "काकू, मिरजेच्या डॉक्टरांनी खुब्याचं हाड कापून बसवायला सांगितलंय. तुमचंही तसंच झालंय म्हणं. किती वर्षं टिकलं?"

प्रश्न सरळ होता, पण एका शब्दात उत्तर देववेना. तिला जे सांगितलं तेच वाचक भगिनींनो, तुमच्याही कानावर घालते.

माझं ऑपरेशन १९८४ सालचं. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. लहानपणापासून चालताना डावीकडं झुकायची. घरच्यांनी त्याला खोड म्हटलं. पहिल्या बाळंतपणानंतर जांघेत दुखू लागलं, दुसऱ्यानंतर रात्री कूस बदलली की जाग येई. भांगलताना उठायचं तर हाताचा टेकू लागे. धारेला उकिडवं बसणं म्हणजे शिक्षाच. आत्याबाई म्हणायच्या, "वाताचं हाय, निर्गुडीचा शेक घे." शेक झाला, तेलं झाली. एकानं पाय ओढूनही पाहिला. त्यानंतर आठ दिवस मी अंथरुणावर होते.

शेवटी ह्यांनी मिरजेला नेलं. डॉक्टर वयस्कर होते. एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या खोलगट पंजात फिरवून त्यांनी समजावलं, "खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. तुझी वाटी जन्मापासूनच उथळ आहे. सगळा भार थोड्याच जागेवर येतो आणि तेवढ्या जागेवरचं गुळगुळीत अस्तर झिजत चाललंय." चालताना एका पायावर भार आला की खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट ओझं पडतं, हेही मला तेव्हाच कळलं. गाडीचं चाक एका बाजूनं घासू लागलं तर काय होतं ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

उपाय असा, की मांडीचं हाड गोळ्याच्या खाली कापायचं, पाचरीएवढा तुकडा काढायचा आणि गोळा किंचित कलता करून हाड पट्टी-स्क्रूनं जोडून टाकायचं. म्हणजे न झिजलेली बाजू भाराखाली येते. "मी सांधा नवा करत नाही. आहे तोच वळवून बसवतो. दहा वर्षं मिळाली तर चांगली मिळाली म्हणायचं," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तेव्हा फक्त 'चांगली' एवढंच ऐकलं.

सबंध सांधा बदलण्याची सोय नव्हती असं नाही. इंग्लंडात रायटिंग्टनला जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी सिमेंटनं बसवायला सुरुवात केली होती. पण तेव्हाचं ते प्लॅस्टिक झिजे. तेहेतिशीच्या बाईला, तीही रानात राबणारी, पुढं दोनदा-तीनदा सांधा बदलावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

पैशासाठी जोडीतला एक बैल विकला. ह्यांनी त्या वर्षी दुसऱ्याचा बैल मागून पेरणी केली. तीन महिने कुबड्या होत्या. पाय बोटभर आखूड झाला, चांभाराकडून चपलेला एक तळ वाढवून घेतला. पण सहा महिन्यांत रात्रीचं दुखणं गेलं. कितीतरी दिवसांनी मी सकाळपर्यंत झोपले.

त्यानंतर तो खुबा एकोणीस वर्षं चालला. सगळी सारखी गेली नाहीत. पहिली दहा-अकरा उत्तम. थोरलीचं लग्न, धाकट्याचं कॉलेज, हळदीची काढणी, आत्याबाईंची शेवटची दोन वर्षं, सगळं त्या पायावर निभावलं. मग सकाळी पहिली पावलं जड होऊ लागली. १९९६ला काठी घेतली. काठी दुखऱ्या बाजूला धरायची नसते, उलट्या हातात धरायची. त्यानं खुब्यावरचा भार उतरतो. हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. २००३ साली सांधा बदलावा लागला. त्या डॉक्टरांना आधी जुनी पट्टी आणि गंजलेल्यासारखे घट्ट बसलेले स्क्रू काढावे लागले, शिवाय कापून वळवलेल्या हाडात नवा दांडा सरळ बसेना. पहिल्या ऑपरेशनची ही किंमत असते, आणि ती आधी सांगितली पाहिजे. नव्या सांध्यानं दुखणं थांबवलं, पण उकिडवं बसायला बंदी आली. धारा आता मुलगा काढतो.

एकोणीस म्हटल्यावर पोरीचा चेहरा खुलला. तेव्हा मला माझ्या धाकट्या बहिणीचंही सांगावं लागलं. वाटी तिचीही उथळ, पण ती भीतीपोटी थांबली. शेहेचाळिसाव्या वर्षी तेच ऑपरेशन करून घेतलं तेव्हा अस्तर जवळजवळ संपलं होतं, पाय नीट वळतही नव्हता. तीन वर्षांत पुन्हा पहिल्यासारखं. ती अजून म्हणते की तुला चांगला डॉक्टर मिळाला. मला तसं वाटत नाही. मी वेळेत गेले एवढंच.

माझी नात डॉक्टरकीला आहे. तिनं पोरीचा एक्स-रे पाहिला आणि सांगितलं की हिचं ऑपरेशन आजीसारखं नाही. हिच्यात मांडीचं हाड कापायचं नाही, वाटीच भोवतीनं कापून गोळ्यावर नीट झाकण होईल अशी फिरवायची. ही पद्धत स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरात प्राध्यापक गांझ यांनी सुरू केली, तीही १९८४लाच! तिथल्या पहिल्या ७५ खुब्यांचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं ठेवला. वीस वर्षांनी सुमारे ६० टक्के खुबे रुग्णांचे स्वतःचेच होते. तीस वर्षांनी मात्र साधारण तीनांतला एकच चांगला उरला होता. ज्यांचं वय जास्त होतं, ज्यांचा सांधा आधीच झिजला होता, त्यांचे लवकर गेले. आणि सांधा पार झिजल्यावर हाड कापण्यापेक्षा आता बहुधा सरळ बदलतातच, कारण हल्लीचे सांधे पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकतात.

"म्हणजे पन्नाशीत पुन्हा कापायचं?" पोरीनं विचारलं.

"कदाचित," नात म्हणाली. खोटा धीर दिला नाही, ते मला आवडलं.

पोरगी गप्प बसून राहिली. मी तिच्या लेकराकडं पाहिलं. त्याचेही खुबे तपासून घे म्हटलं, हे घराण्यात उतरतं. आपल्याकडं आंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून गुंडाळतात, तेही बरं नाही; कोवळी वाटी त्यानं नीट घडत नाही. कडेवर पाय फाकवून घेणं मात्र चांगलं. माझ्या आईनं मला कसं गुंडाळलं असेल ते आता कुणाला विचारणार?

आठ दिवसांनी तिची सासू आली. आधी खर्चाचं बोलली, मग हळूच म्हणाली, "तुमच्यावाणी रानात जाईल का वो ती?" मी म्हटलं, जाईल, पण वर्षभर तिला ओझं उचलायला लावू नका, आणि धारेला बुटकं स्टूल करून घ्या. आमच्या सुताराकडं मी माप दिलं आहे.

दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. तोवर गाईंचं नणंद बघणार आहे.