अर्ध्या तिकिटाची सफर

अम्मीचा जन्म बाणकोटच्या खाडीकाठचा. लग्न होऊन ती देशावर आली, आणि पुढची पंचावन्नाहून अधिक वर्षं तिचा कोकणचा प्रवास कुणाच्या तरी जन्माच्या नाहीतर मौतीच्या निमित्तानेच झाला. रात्रीच्या गाडीने जायचं, चाळिसावा उरकून परत यायचं. अब्बा गेल्यानंतर, इद्दत संपून वर्ष झालं तेव्हा, ती एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मुरूडपासून खाली खाली जावा, असा मना लय वाटता. गुडघा चालतो तवरच."

ही गोष्ट २०२३ च्या डिसेंबरमधली. अम्मीचं वय सत्त्याहत्तर, माझं सत्तावन्न. माझ्या हातात पेन्शन बेताचीच. भाचा म्हणाला, गाडी करून देतो, तीन दिवसांत सगळं दाखवून आणतो. अम्मीने नकार दिला. म्हणाली, एस.टी. फुकट असताना गाडी कशाला?

आणि ते खरंच होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट. म्हणजे आम्हा दोघींचं मिळून अर्धंच तिकीट. कंडक्टर अम्मीला शून्य रुपयांचं तिकीट फाडून द्यायचा, ती ते नीट घडी करून बटव्यात ठेवायची. सात दिवसांची सगळी तिकिटं तिने जपून ठेवली आहेत.

पनवेल, अलिबाग करत आम्ही मुरूडला पोहोचलो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. आम्ही गेलो तेव्हा होडी दरवाजाशी लागली की लाटेचा अंदाज घेऊन पायरीवर उडी टाकावी लागायची. ते गुडघ्याला झेपणारं नव्हतं. आम्ही धक्क्यावर बसून सिद्दींचा किल्ला पाहिला, भाकरी खाल्ली आणि आगरदांड्याला निघालो.

किनाऱ्याने जायचं म्हणजे खाड्या ओलांडायच्या. पूर्वी दर खाडीपाशी रस्ता संपायचा आणि एस.टी. वळसा घालून महामार्गाकडे जायची. आता आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी जंगल जेटी, म्हणजे मोटारी वाहणाऱ्या फेरीबोटी, चालतात. गाडीवाल्यांना त्याचे बरे पैसे पडतात. पायी चढणाऱ्याला चहा-भजीच्या पैशात पलीकडे जाता येतं. अडचण एकच. एस.टी. बोटीवर चढत नाही. अलीकडे उतरायचं, पलीकडे पुढच्या गाडीची वाट पाहायची, आणि दोन्हीकडच्या वेळापत्रकांचं एकमेकांशी बोलणं नसतं. दिघीला आम्ही दोन तास बसलो. पण स्वस्तात फिरणाऱ्याने वेळेची कंजूषी करू नये.

त्या बोटीवरच अम्मीने जोहर आणि असर एकत्र पढली. मी पाहत राहिले. कोकणी मुसलमान शाफई; मुसाफिराला दोन वक्त जोडण्याची त्यांच्याकडे सवलत आहे. माझ्या अब्बांचं घर हनफी. तिथे कसर करतात, पण वक्त जोडत नाहीत. सासरी आल्यापासून अम्मीने सगळं आमच्या घरच्या रीतीने केलं. मला वाटायचं, ती माहेरची रीत विसरली असेल.

बाणकोटला चुलतमामीकडे दोन रात्री राहिलो. मोहल्ल्यातली निम्मी घरं बंद. टाइल्स लावलेली, रंग दिलेली, दारावर कुलूप. किल्ली मुंबईला नाहीतर कुवेतला. अम्मीच्या घराचं जोतं तेवढं उरलं आहे. त्यावर रानतुळस माजली आहे. ती तिथे फार रेंगाळली नाही. तिला धक्क्यावर जायचं होतं. तिचे वडील जहाजावर खलाशी होते. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची, होड्या माणसांना तिथवर न्यायच्या, आणि पावसाळ्यात बोट बंद झाली की चार महिने बापाची खबर नाही. अम्मी एक तासभर पाण्याकडे तोंड करून बसली. मी काही विचारलं नाही.

जेवणाचं एक सांगते. मासळीला जबिहाचा प्रश्न नसतो, म्हणून कोकणात मुसलमान मुसाफिराची उपासमार होत नाही. पण पर्यटकांसाठी मांडलेली सुरमईची थाळी आमच्या खिशाला पेलणारी नव्हती. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव चालतो. तिथल्याच एका बाईकडून वाट्यावर बांगडे घेतले, आणि शेजारच्या खानावळवालीने थोडे पैसे घेऊन ते तळून दिले. अम्मीने तिला तिरफळ किती घालायचं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आपल्याच पद्धतीने केलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते.

पुढच्या एका गावात संध्याकाळी लॉजवर खोली विचारली. मुलगा म्हणाला, आहे, पाचशे रुपये. किल्लीही काढली. मग आधार कार्ड मागितलं, नाव वाचलं, "मालकांना विचारून येतो" म्हणून आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, बुकिंग झालंय. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या लॉजवर तर कार्ड हातात घेण्याआधीच अम्मीच्या ओढणीकडे पाहून नकार आला. अम्मी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितलं, सुट्ट्यांचे दिवस, सगळं भरलंय. ती "बरा" म्हणाली.

एस.टी. स्टँडवर शेवटची वस्तीची गाडी उभी होती. वस्तीची गाडी म्हणजे रात्री आडगावात मुक्काम करून पहाटे परतणारी. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचंय? मी म्हणाले, जिथे झोपायला मिळेल तिथे. तो हसला नाही. गाडी जिथे थांबते तिथे त्याचं आणि ड्रायव्हरचं जेवण एका कुणब्याच्या घरी असायचं. त्या घराच्या पडवीत आम्ही दोघी झोपलो. घरच्या बाईने कुळथाचं पिठलं आणि भात वाढला, शंभर रुपये दिले ते घेतले, आणि पहाटे वजूसाठी गरम पाणी आणून ठेवलं. नाव तिने विचारलंच नाही.

दोन दिवसांनी, दुसऱ्या एका गावात, स्टँडजवळ मशीद दिसली. नवी, मोठी, संगमरवरी. अम्मीला लघवीला जायचं होतं, वजू करायचा होता. स्टँडवरचं स्वच्छतागृह बंद होतं. मी फाटकाशी उभी राहून विचारलं. आतला माणूस नम्रच होता. म्हणाला, "बहनजी, औरतों का इंतजाम नहीं है." शंभर माणसांच्या वजूची तोट्यांची रांग मला तिथून दिसत होती. आम्ही एका चहावाल्याच्या घरी गेलो.

लॉजवाल्याच्या नकाराचा किस्सा मी परत आल्यावर सगळ्यांना सांगितला. या दुसऱ्या नकाराचा आजवर कुणाला सांगितला नव्हता.

दाभोळची जुनी मशीद खाडीच्या काठीच आहे, विजापुरी धाटणीची, घुमट आणि चार मिनार. सांगतात, विजापूरची शहजादी आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास हजला जायला मोठा लवाजमा घेऊन इथे आली. समुद्रावर चाच्यांचं भय, जाणं होईना. मग काझी-मौलवींच्या सल्ल्याने सफरीसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली. अम्मीला मी हे पायरीवर बसून सांगितलं. तिने विचारलं, "मग ती गेली का नाय हजला?" मला उत्तर देता आलं नाही. "बाईने बांधली म्हणतेस," एवढंच ती पुढे म्हणाली, आणि चपला घालू लागली.

फेरीबोटीवर, धोपाव्याकडे जाताना, ती अचानक म्हणाली, "त्या लॉजात खोली होती. पोराच्या हातात किल्ली मी बघितली." मी गप्प. "मना सांगायचा होता. मी काय लहान हाय?"

मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जायचं ठरवलं होतं, पण रत्नागिरीत गुडघा सुजला. थिबा राजाचा राजवाडा बाहेरूनच पाहिला. दुसऱ्या पहाटे दिवा पॅसेंजर पकडली. पूर्वी दादरपर्यंत जाणारी ही गाडी आम्ही गेलो तेव्हा दिव्यालाच संपायची. आम्हाला पनवेलच हवं होतं. खिडकीशी बसून अम्मीने हिशेब मांडला. घरातून पाच हजार घेऊन निघालो होतो. सातशे चाळीस उरले होते. तिने ते रुमालात बांधले, बटव्यात त्या शून्य रुपयांच्या तिकिटांखाली ठेवले आणि मला विचारलं, रत्नागिरीहून मालवणला थेट एस.टी. आहे की मध्ये बदलावी लागते.