काकाजींनी वाचायला शिकवलेला सातबारा

आमच्या साकोली तालुक्यात तलाठ्याला जुनी माणसं पटवारीच म्हणतात. शेजारचे काकाजी निवृत्त पटवारी होते. तलावाखालची अडीच एकर धानाची जमीन आज माझ्या नावावर बिनतक्रार आहे, ती त्यांच्या कृपेनं.

सौदा ठरत आला तेव्हा सातबारा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, भोगवटादार वर्ग १, सोसायटीचा बोजा नाही, इतर हक्काचा रकाना कोरा. काकाजींनी चष्मा लावला आणि नावाजवळ वर्तुळात लिहिलेल्या बारीकशा आकड्यावर बोट ठेवलं. तो फेरफाराचा नंबर. म्हणाले, "नाव कोनाचं हाय ते दिसतेच. ते कसं आलं, ते पयले पाय."

पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर माझी शाळा भरली. सातबारा हा महसुली अभिलेख. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखतानं, वाटणीनं, वारसानं किंवा मृत्युपत्रानं. फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ती कशी आली एवढं सांगतो. म्हणून एकेक फेरफाराची नक्कल काढत मागं जायचं, आणि दुय्यम निबंधकाकडे सूची-२ चा शोध घ्यायचा.

आमच्याकडे हे मागं जाणं मालगुजारीपर्यंत पोचतं. १९५१ साली मालगुजारी संपली, गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. म्हणून काकाजींनी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढायला लावला. त्याहून जास्त आग्रह धरला तो वाजिब-उल-अर्जाचा. तलावाचं पाणी कोणत्या बांद्यांना, पांदण कुठून, हे गावाचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात. निस्तार पत्रकही त्यांनी दाखवलं. गुरांच्या चराईची, स्मशानाची जागा त्यात असते, आणि ती कुणी विकू शकत नाही. धानाच्या मुलखात पाण्याचा हक्क न पाहता जमीन घेणं त्यांना सहनच होत नसे. वर्ग २ ची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीचा आदेश हातात आल्याशिवाय बयाणासुद्धा द्यायचा नाही, हे त्यांचं ठाम मत.

वर्तुळातल्या त्या नंबराची नक्कल आली. वारसान फेरफार. वडिलांच्या मागं मुलगा आणि मुलगी, दोघांची नावं. पुढच्या फेरफारात बहिणीचं नाव कमी झालेलं, आधार साध्या कागदावरचा अर्ज. हक्कसोडपत्र नोंदवलेलं नव्हतं. काकाजी म्हणाले, "अर्जानं नाव जाते, हक्क नाही जात. अर्धी जमीन त्या बाईची हाय."

आम्ही वैनगंगेपलीकडच्या तिच्या गावी गेलो. विकणारा भाऊही सोबत आला, काकाजींनीच त्याला समजावलं होतं. बहीण रोवण्याहून नुकतीच आली होती, पायाला चिखल. काकाजींनी जुना फेरफार वाचून दाखवला. तिनं विचारलं, "माह्या बापाच्या बांदीवर माह्यं नाव होतं काय जी?" काकाजींनी कागद तिच्या हातात दिला आणि तिचं नाव कुठं आहे ते दाखवलं. ती बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

रजिस्ट्रीच्या दिवशी ती लिहून देणार म्हणून भावाशेजारी बसली. अर्ध्या रकमेचा ड्राफ्ट तिच्या नावाचा होता. काकाजींनी माझ्याकडून चहाखेरीज काही घेतलं नाही. पुढं पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत संपून माझा फेरफार मंजूर झाला, तेव्हा त्याची नक्कल मागून त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

काकाजी आता नाहीत. सही असलेला डिजिटल सातबारा आता १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, आणि बरेच जण तेवढ्यावरच सौदा करतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: वारसान फेरफाराची नक्कल काढा, त्यात घरातल्या लेकींची नावं शोधा, आणि एखादं नाव मधेच गळालेलं दिसलं तर बयाणा देण्याआधी तिच्या दारी जाऊन या.